आधी घर, मंग समुद्र

घर हलवताना एक गोष्ट कळते. वस्तू कितीही साठल्या तरी भंगारवाल्याला बोलावता येतं. किश्शांना मात्र तो हात लावत नाही! ते तुमच्यासोबत ट्रकमधून येतात, नव्या घरात तुमच्याआधी शिरतात आणि कुणी पाहुणा आला की त्याच्यासमोर जाऊन बसतात. मोताळ्याचं घर विकून आम्ही बुलढाण्याच्या फ्लॅटमध्ये आलो, त्या गडबडीत असे किस्से इतके जमलेत की आता माळ्यावर जागा नाही. म्हणून थोडे तुमच्याकडे ठेवायला आणले.

आधी माणसं सांगून टाकते. बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवरच्या खिडकीमागे बसून गाड्या पुकारणारा माणूस. रिटायर झाले, पण येताना शिट्टी, घड्याळ आणि आवाज घरी घेऊन आले. लग्नाच्या पंगतीत, रेशनच्या रांगेत, लोकांच्या मयतीतसुद्धा बाबा मागून ओरडतात, “पुढं सरका, पुढं जागा हाय!” आई फार बोलत नाही. बेबीआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, राहते मलकापूरला आणि येते ‘मदतीला’. आणि मी प्रज्ञा. एम.कॉम., बुलढाण्यात एका सीएच्या ऑफिसात नोकरी, मोताळ्याहून रोज अपडाऊन, आणि मोठ्या माणसांच्या ‘तुले काय समजते’ची जबरदस्त अ‍ॅलर्जी.

राहिला समुद्र. लग्न झाल्यावर आईनं बाबांकडे एकच गोष्ट मागितली होती. तिला समुद्र पाहायचा होता. बाबा म्हणाले, “आधी घर बांधू, मंग समुद्र.” घर झालं. मग बोअर मारायची निघाली. “आधी पाणी, मंग समुद्र.” मग कंपाउंड आलं, वरची खोली आली, स्लॅब गळायला लागला. त्या घरानं आईचा समुद्र दरवर्षी थोडा थोडा पिऊन टाकला!

म्हणून घर विकायचं ठरलं त्या दिवशी मी जाहीर केलं, “आता मधे यायला भिंतच उरणार नाही. घर विकलं की आईला समुद्र!”

बाबा म्हणाले, “हाव. आधी घर त विकू दे, मंग समुद्र.”

मी तेव्हाच सावध व्हायला पाहिजे होतं.

०००

घर विकायचं म्हणजे ते नीट दाखवता आलं पाहिजे, असं माझं मत. मी रजा टाकून फरशा घासल्या, पडदे बदलले, अंगणातल्या तुटक्या बादल्या लपवल्या. बैठकीच्या भिंतीला एक भेग होती, तिच्यावर मोठं कॅलेंडर लटकवलं. आमचा दलाल रफीकभाई पहिलं गिऱ्हाईक घेऊन आला.

बाबा पुढं झाले. गाड्या पुकारायच्या त्याच आवाजात सुरू झाले, “हे बैठक. पावसाळ्यात या कोपऱ्यातून पाणी येते. हे स्वयंपाकघर. खिडकी लागत नाही. अन् हे...” असं म्हणून त्यांनी स्वतःच्या हातानं कॅलेंडर उचललं, “हे भेग. पोरीनं झाकून ठेवली, पण तुमी पाहून घ्या.”

गिऱ्हाईक चहा न पिताच गेलं. दुसरंही तसंच गेलं. रफीकभाई हात जोडून म्हणाला, “बाबूजी, आप घर दिखाओ, उसका पोस्टमॉर्टम मत करो!”

मी तर पेटलेच होते. “बाबा, तुम्ही घर विकून राह्यले का घराची तक्रार करून राह्यले?”

“गाडी लेट असली त लेट सांगाव,” बाबा म्हणाले. “प्रवासी शिव्या देते, पण थांबते.”

तिसरे आले घोंगे सर. शाळेतले शिक्षक. त्यांनी सगळं मुकाट ऐकलं. गळती, भेग, खिडकी, बोअरचं उन्हाळ्यातलं वागणं, सगळं. मग विचारलं, “साहेब, एवढं खराब हाय, मंग तुमी इतके वर्षं याच्यात राह्यले कसे?”

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, “मीच राह्यली. हे त ड्युटीवर होते!”

घोंगे सर इतके हसले की चहा सांडला. व्यवहार त्याच बैठकीत ठरला.

मी म्हटलं, “झालं! समुद्र!”

बाबा म्हणाले, “आधी सामान त हलवू.”

०००

आमच्याकडे एक कूलर होता. चालू केला की शेजारच्यांना वाटायचं गिरणी सुरू झाली. एक पाय मोडलेला, त्याच्याखाली तारेनं वीट बांधलेली. फ्लॅटमध्ये असलं धूड न्यायचं नाही, असं मी ठरवलं आणि बाबा बाहेर गेल्याचं पाहून सकाळीच तो भंगारवाल्याला देऊन टाकला. घर कसं मोकळं वाटलं!

दिवस मोताळ्याच्या आठवडी बाजाराचा होता. संध्याकाळी बाबा परत आले ते हातगाडीच्या पुढे पुढे चालत, शिट्टी वाजवत, रस्ता मोकळा करत. हातगाडीवर कूलर. पायाला वीट.

“बाबा!” मी किंचाळले. “हा आपलाच कूलर हाय!”

“मंग?” बाबा म्हणाले. “म्हूनच त घेतला. याचा आवाज मले मालूम हाय, याचा पाय मले मालूम हाय. अनोळखी कूलर घेतला असता त कसा निघाला असता, कोणाले मालूम?”

मी आईकडे पाहिलं. आईनं कूलरकडे पाहिलं. म्हणाली, “बरं झालं, माणूस भंगारात गेला नाही. त्याले कोणी परत आणला नसता.”

०००

सामान बांधायला मी पद्धतशीर सुरुवात केली. खोलीप्रमाणे खोके. खोक्यावर मार्करनं मोठ्या अक्षरात नाव: स्वयंपाकघर, बैठक, बेडरूम. लॅपटॉपवर एक्सेल शीटसुद्धा केली. बाबांनी ती चष्मा लावून पाहिली आणि एकच प्रश्न विचारला, “याच्यात गाडी किती वाजता सुटते ते कुठं लिहेल हाय?”

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेले आणि बेबीआत्या मदतीला आली.

परत येऊन पाहते तर माझे सगळे खोके उघडे! आत्या मधोमध बसलेली, भोवती भांड्यांचे ढीग. तुम्हाला माहीत असेल, आपल्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं. आत्या एकेक भांडं उजेडात धरत होती, नाव वाचत होती आणि त्या त्या ढिगात टाकत होती. खोक्यांवरची माझी नावं तिनं खोडली होती. आता तिथं लिहिलं होतं: खामगाववाले. नांदुरावाले. मलकापूर. आईचं माहेर.

“आत्या, हे काय करून ठेवलं वो! म्या खोलीवार लावलं होतं!”

“खोल्या बदलतेत पोरी,” आत्या शांतपणे म्हणाली. “सोयरे बदलतेत काय?”

“पण ताट कुठं सापडेन मले?”

“ज्यानं देल्लं त्याच्यात!”

मग तिनं नांदुरावाल्यांचा एक डबा वाजवून दाखवला. “पाह्य, केवढा पातळ हाय. तुह्या आईच्या लग्नात जेवले किती अन् देल्लं काय!” आणि तो डबा तिनं मुद्दाम खोक्यात सगळ्यात खाली दाबला.

०००

ट्रकचा दिवस उजाडला. बाबांनी सकाळपासून अंगणाचं स्टँड करून टाकलं. घड्याळ हातात, शिट्टी तोंडात. हमालांना “पुढं सरका, पुढं जागा हाय”, कपाटाला “पुढं सरका”, पलंगालाही तेच. ट्रक नऊला सुटणार असं त्यांनी पुकारलं होतं आणि नऊला त्यांनी शिट्टी मारली. ड्रायव्हरनं गाडी काढली. पुढं ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बाबा आणि बेबीआत्या. मागून स्कूटीवर मी.

राजूरच्या घाटात ट्रकचं इंजिन तापलं. ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली. मी स्कूटी थांबवून जवळ गेले आणि विचारलं, “आईला पाणी पाह्यजे का विचारा.”

बाबा खाली वाकले. “आई तुह्या मागं नाही काय?”

“माझ्या मागं? ती तुमच्यासोबत होती ना!”

आत्यानं कपाळावर हात मारला. “मले वाटलं ते शेजारच्याईले भेटून तुह्या गाडीवर बसली.”

आईला फोन लावला. ट्रकच्या पोटातून रिंग आली. फोन ‘खामगाववाले’ खोक्यात होता!

माझा पारा चढला. “बाबा, तुम्ही बायको न घेता गाडी सोडली!”

“वेळ झाली होती,” बाबा म्हणाले, पण आवाज पार बसला होता.

तेवढ्यात मागून एसटी आली, घाट चढत, आमच्या शेजारून गेली. आणि बाबांनी काय करावं? सवयीनं घड्याळ पाहिलं. “वा! मलकापूर–बुलढाणा. टायमावर हाय!”

मी स्कूटी वळवून मोताळ्याला गेले. घराला घोंगे सरांचं कुलूप. शेजारीण म्हणाली, “ते त कवाचीच गेली.” घामाघूम होऊन बुलढाण्याला पोचले, तर ट्रकही नुकताच लागत होता. आणि फ्लॅटच्या जिन्यात, पहिल्या पायरीवर, मांडीवर पदरात गुंडाळलेली बुद्धमूर्ती घेऊन आई शेंगदाणे खात बसलेली.

“कुठं राह्यले होते तुमी?” तिनंच आम्हाला विचारलं.

बाबा ट्रकमधून उतरून धावतच आले.

“तुमी शिट्टी मारली, म्या स्टँड गाठलं,” आई म्हणाली. “कंट्रोलरची बायको हाय मी. पुढची गाडी कधी हाय, मले मालूम नसन काय? घाटात तुमची गाडी थांबेल दिसली. म्या खिडकीतून हात बी दाखवला. पण हे घड्याळ पाहून राह्यले होते!”

०००

नव्या घरात पहिल्या दिवशी आधी बुद्धवंदना झाली, मग सगळ्यांना भूक लागली. आईनं डाळ-तांदूळ धुतले.

“प्रज्ञा, कुकर काढ.”

मी आत्याकडे पाहिलं. आत्यानं डोळे मिटले, आठवलं. “खामगाववाल्याईच्या खोक्यात.”

सगळं उपसून कुकर काढला. झाकण नव्हतं.

“झाकण?”

“झाकण मलकापूरच्या खोक्यात हाय.”

“एकाच कुकरचं झाकण वेगळ्या खोक्यात काऊन?”

“मूळ झाकण हरपलं होतं,” आत्या म्हणाली. “दुसरं म्या देल्लं. अन् खामगाववाल्याईचं अन् माह्यं तुह्या आईच्या लग्नापासून पटत नाही. एका खोक्यात कशी राहीन मी?”

त्या दिवशी आम्ही फरसाण खाल्लं.

०००

मी म्हटलं, आता तरी समुद्र.

बाबा म्हणाले, “आधी बाल्कनीले ग्रिल लावू. मंग समुद्र.”

०००

सोसायटीत पार्किंगला ठरलेल्या जागा नव्हत्या. जो आधी येईल त्याची जागा. बाबांकडे जुनी स्कूटर. ती लावायला जिन्याजवळची सावलीतली जागा त्यांना आवडली. मग त्यांनी तेच केलं, जे स्टँडवर उभं राहून आयुष्यभर हजारो माणसांना करताना पाहिलं होतं. बाजारात जाताना आपला निळ्या चौकड्यांचा मोठा रुमाल त्या जागेवर पसरला, उडू नये म्हणून वर खडा ठेवला, आणि निर्धास्त निघून गेले.

परत येऊन पाहतात तर रुमालावर सोसायटीच्या सेक्रेटरीसाहेबांची कार उभी!

बाबांनी शिट्टी वाजवली. तिसऱ्या मजल्यापर्यंतची माणसं बाल्कनीत आली.

“साहेब, तुमाले रुमाल दिसला नाही काय?”

“कसला रुमाल?”

“जागा धरेल होती!”

सेक्रेटरीसाहेब भडकले. “ही सोसायटी आहे, एसटी नाही!”

“मान्य हाय,” बाबा म्हणाले. “पण माणसं त तेच हायत ना? रुमालाले मान देतो म्हून बसमधी मारामाऱ्या होत नाहीत. नाहीतर महाराष्ट्र कधीचा भांडून मेला असता!”

मला लाजेनं मरायला झालं. मी बाबांना ओढत वर नेलं. म्हटलं, “आता लोक तोंड दाखवू देणार नाहीत.”

आठवडा गेला. सकाळी ऑफिसला निघाले, तर पार्किंगमध्ये ओळीनं रुमाल पसरलेले. लाल, पांढरे, एक पंचा, एक बाळाचा लंगोट. आणि सावलीच्या जागेवर, इस्त्री केलेला, पांढराशुभ्र, घडी न मोडलेला रुमाल. सेक्रेटरीसाहेबांचा!

०००

ग्रिल लागली. आता बाबांना पळायला वाट नव्हती. मी रेल्वेचं तिकीट काढायला मोबाईल उघडला, तसा बाबांनी माझा हात धरला.

“तिकीट? घरात पास असताना तिकीट?”

एसटीतून रिटायर झालेल्याला नवरा-बायकोचा मोफत पास मिळतो. बाबांनी तो अजून वापरला नव्हता, म्हणजे तो वाया चालला होता, म्हणजे रेल्वे हा गुन्हा होता. मी म्हटलं ठीक आहे, एसटी तर एसटी. बाबांनी एका रात्रीत नियोजन केलं. सकाळी उभं राहून वाचून दाखवलं.

बुलढाण्याहून जालना. तिथं आत्याची नणंद, मुक्काम. पुढं संभाजीनगर. तिथं बाबांचा जुना ड्रायव्हर, मुक्काम. अहिल्यानगरला एक सोयरीक पाहायची, ती माझ्यासाठी, मुक्काम. (“माझ्यासाठी?” “पाहाले काय जाते?”) मग पुणे, मुक्काम. मग अलिबाग.

“आणि समुद्रावर किती दिवस?” मी विचारलं.

बाबांनी कागद उलटून पाहिला. “समुद्रावर... चहापाणी धरून अर्धा तास.”

“अर्धा तास!”

“परतीची गाडी हाय ना! ते चुकली त पुढचा अख्खा कार्यक्रम कोसळते.”

मी जे बोलले ते इथं लिहीत नाही. एवढंच सांगते, “तिनं तुमच्या घराच्या भिंती पाहत आयुष्य काढलं, आता तिला समुद्रही फलाटावरून दाखवणार का?” इथंपासून सुरुवात झाली होती. बाबाही कमी नाहीत. “तुले काय समजते,” इथं आले. मी दार आपटलं. नवीन दार होतं, नीट आपटलंही नाही!

आई भाजी निवडत होती. तिनं मेथीची जुडी सोडली, पुन्हा बांधली आणि आत गेली.

त्या दिवशी बाबांनी आणखी एक वाक्य टाकलं. “घाई काय हाय? आधी किचनची ट्रॉली बसवून घेऊ, मंग समुद्र.”

०००

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना चहा मिळाला. घोट घेतला आणि थुंकला. चहापत्ती!

“गाळणी कुठं हाय?”

“पिशवीत,” आई म्हणाली.

“कोणत्या पिशवीत?”

“समुद्राच्या.”

दाराजवळ एक पिशवी उभी होती. मोताळ्याहून निघाल्यापासून ती तशीच होती, आम्हाला वाटलं तिच्यात जुने कपडे असतील. आज मात्र तिचं तोंड सुतळीनं शिवलेलं होतं.

“मंग काढ ना!”

“आता सोडत नाही. समुद्रावून आल्यावर सोडीन.”

बाबा हसले. हे काय, गाळणीशिवाय माणूस मरतो थोडाच! त्यांनी टीव्ही लावायला हात पुढं केला. रिमोट नाही.

“समुद्राच्या पिशवीत.”

दाढी करायला गेले. आरसा नाही. वाचायचा चष्मा आहे, पण डबीतला पुसायचा कपडा नाही. पाय दुखतात म्हणून लावायचं तेल नाही. आईला स्वतःला काही अडत नव्हतं. भाकरी ती हातावर थापते, बातम्या शेजारीण सांगते, आरशात ती पाहत नाही. अडत होतं ते फक्त बाबांचं!

मी मार्कर, खोके, एक्सेल, आरडाओरडा, सगळं करून पाहिलं होतं. आईनं एक पिशवी शिवली.

बेबीआत्या मदतीला आली होती, ती म्हणाली, “दादा, मी पदरानं गाळून देते.” आईनं तिच्याकडे नुसतं पाहिलं. आत्या म्हणाली, “नाहीतर नको, माह्या पदराले डाग पडतेत.”

बाबांनी किती दिवस पत्तीचा चहा प्यायला, ते मोजलं नाही. पण एका संध्याकाळी दातातली पत्ती काढता काढता ते उठले, बैठकीच्या मधोमध उभे राहिले, घसा साफ केला आणि भिंती हादरतील अशा आवाजात पुकारलं, “प्रवाशांनी लक्ष द्या! बुलढाणा–पुणे–अलिबाग! मधी कुठंही मुक्काम नाही! सोयरीक रद्द! प्रवाशांनी आपापली पिशवी घेऊन तयार राहावे!”

आई भाकरी थापतच होती. तव्यावरची उलटली आणि विचारलं, “आपला पास दोघाईचा. पोरीचं तिकीट?”

“काढतो!”

“अन् बेबीताईचं?”

बाबांनी आत्याकडे पाहिलं. आत्यानं पदर सावरला. “मी मदतीले येतो ना!”

०००

पुण्याला गाडी बदलायची होती. स्टँडवर ही गर्दी. बाबा चौकशीच्या खिडकीकडे गेले ते तिथल्या कंट्रोलरशी बोलत बसले, जसा देवदर्शनाला गेलेला माणूस पुजाऱ्याशी बोलतो. आम्ही सामानाजवळ. आत्याला दम निघेना. तिनं एका गॉगलवाल्या माणसाला अडवलं.

“भाऊ, अलिबागची गाडी कुठं लागून राह्यली वो?”

त्यानं आत्याला खालून वर पाहिलं. मग अगदी हळू, एकेक शब्द सुटा करत म्हणाला, “आप... उधर... पूछिए.”

आत्या परत आली. तिच्या चेहऱ्यावर खरंच कणव होती.

“बिचाऱ्याले मराठी येत नाही,” ती आईला म्हणाली. “एवढ्या मोठ्या शहरात कसं होत असन त्याचं?”

०००

अलिबागला उतरलो तेव्हा ऊन उतरत होतं. बाबांनी आधी स्टँडवर परतीची गाडी विचारली, घड्याळ लावलं, आणि आमच्या पुढे पुढे चालत सुटले. “या, या, मागं राहू नका, पुढं सरका!” मी ठरवलं होतं, आज भांडायचं नाही. दात आवळून चालत होते.

गल्ली संपली आणि समोर एकदम काहीच राहिलं नाही. पाणीच.

आत्या थांबली. “माय वो! केवढं पाणी! अन् आपल्या बुलढाण्यात नळाची वाट पाहता पाहता माणूस म्हातारं होते!” मग वाकून ओंजळ भरली, चाखली आणि थू थू करत उठली. “एवढं असून प्याले थेंब नाही! नांदुरावाल्याईसारखंच हाय हे!”

आईनं चपला हातात घेतल्या आणि चालत राहिली.

तिच्याआधी बाबा पोचले होते. पाण्याच्या जवळ, कोरड्या वाळूवर, त्यांनी निळ्या चौकड्यांचा रुमाल पसरला होता. कोपऱ्यावर खडा. सगळा किनारा रिकामा पडलेला. तरी बाबा तिथं पहारा देत उभे.

“हे तुह्यी जागा,” ते आईला म्हणाले. “खिडकीची. बस.”

आई बसली. मांडी घालून, पाण्याकडे तोंड करून.

“मी चहा आणतो. गाळेल आणतो! अर्ध्या तासानं गाडी हाय, ध्यानात ठेव,” असं म्हणून बाबा गेले. चहाच्या टपरीवर त्यांना एक रिटायर कंडक्टर भेटला. आता तुम्हीच समजा.

आत्या आणि मी मागं मक्याचं कणीस खात बसलो. भरती लागली होती, ते आमच्या लक्षात आलं नाही. मोताळ्याच्या माणसाला पाणी जागेवरून हलतं हे कुठून माहीत असणार! आत्यानं पाहिलं तेव्हा आई कमरेपर्यंत पाण्यात होती. तशीच मांडी घालून. रुमाल कुठं होता, कुणास ठाऊक.

“अवो वहिनी!” आत्या ओरडली. “उठा!”

आईनं हातानंच ‘थांब’ म्हटलं.

इतक्यात दोन्ही हातांत चहाचे कप घेऊन बाबा धावत आले. शिट्टी तोंडात. एकदा वाजवली. दोनदा वाजवली. किनाऱ्यावरचं कुत्रं उठून गेलं, आई उठली नाही.

बाबांनी शिट्टी तोंडातून सोडली. “अवं, गाडी सुटून राह्यली!”

“सुटू द्या.”

“मंग जाशीन कशी?”

“पुढच्या गाडीनं.”

“अन् ते बी गेली तं?”

“त्याच्या पुढची नसते काय? तुमीच सांगा. कंट्रोलर तुमी हाय.”

बाबांनी घड्याळाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मी कणीस खात होते. मग त्यांनी कप वाळूवर ठेवले, बूट काढले, मोजे काढून बुटांत कोंबले, पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळली, कप पुन्हा उचलले आणि पाण्यात शिरून आईच्या शेजारी उभे राहिले. एक लाट आली. कपांपर्यंत आली नाही, पण विचार होता तिचा.

“सरक जरा,” बाबा म्हणाले.

आईनं मागं वळूनही पाहिलं नाही. समोर सूर्य खाली चालला होता, आणि त्याच्यापर्यंत सगळं मोकळं पाणी.

“पुढं सरका,” आई म्हणाली. “पुढं लय जागा हाय!”

आणि बाबा, दोन्ही हातांत चहा सांभाळत, पुढं सरकले.